काशीत सोडलेले सफरचंद

"दत्तोबा, आधी दार लाव," हरिहरशास्त्री म्हणाले, "आणि मग हवे तितके आश्चर्य कर."

मी दार लावले. वैशाखातील दुपार होती. सारे कऱ्हाड पंख्याखाली निपचित पडले होते, आणि मी एक उसनी पोथी परत करण्यासाठी शास्त्रीबुवांच्या मागील दाराने आलो होतो. पुढील दार वाजवले असते तर वहिनींची झोप मोडली असती. मागील पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी, पालथ्या घातलेल्या बादलीवर आमचे ज्येष्ठ गुरुबंधू विराजमान झाले होते. मांडीवर काचेचे पसरट भांडे, हातात चमचा, आणि शुभ्र मिशांवर तपकिरी भुग्याचा सडा. अंग घामाने भिजले होते, परंतु मुद्रेवर जी तृप्ती होती, ती मी त्यापूर्वी एकदाच पाहिली होती: त्यांच्या सत्कारसभेत त्यांचे स्वतःचे भाषण लांबून इतर वक्त्यांना वेळ उरला नव्हता, तेव्हा.

"हे काय घेता आहात?"

"औषध."

"वास तर दालचिनीचा येतो."

"डॉक्टरांनी नेमून दिलेले धान्य आहे यात. ओट. रोज सकाळी त्याची पेज करून देतात. ती गिळताना मला माझी पूर्वजन्मींची पापे एकेक करून आठवतात. तेच धान्य सूनबाईने असे केले आहे. बैस. घे."

शास्त्रीबुवांना चैत्रात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी साजूक तूप, शिरा आणि संताप वर्ज्य सांगितले होते. पैकी तूप आणि शिरा घरच्यांनी बंद केला. त्यांच्या जागी हे ओट आले. साहेबाच्या देशात हे धान्य एके काळी घोड्यांपुढे ठेवीत असत, असे म्हणतात. आमच्याकडे ते थेट शास्त्र्यांपुढे आले.

मी चमचाभर घेतले. वर खमंग, कुरकुरीत, दाताखाली चुरा होणारा थर. त्याच्याखाली मऊ, आंबटगोड, रसाने भिजलेले फळ. माझाही चमचा दुसऱ्यांदा भांड्यात गेला.

"फळ कोणते आहे?"

"पेरू असेल. नासपतीही असेल. फळ आहे, एवढे पुरे."

"सूनबाईंना विचारले नाहीत?"

"विचारले तर मी खाल्ले, हे तिला कळणार नाही का?" शास्त्रीबुवांनी आवाज खाली आणला. "आणि ज्या पेटीत हे शिजले, ती पेटी मीच घराबाहेर काढली आहे. जरा विचार करून बोलत जा."

ती पेटी आमच्यासमोरच होती. पडवीच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या अर्धवट भरलेल्या गोणीला टेकून, ऋजुताचा ओव्हन उभा होता. ऋजुता ही शास्त्रीबुवांची सून. पुण्यात बेकरीचे रीतसर शिक्षण घेऊन एका मोठ्या दुकानात काम करणारी ही मुलगी लग्न करून कऱ्हाडास आली, ती आपल्याबरोबर हा ओव्हन घेऊन. गृहप्रवेशाच्या दिवशीच शास्त्रीबुवांनी विचारले होते, "यास कधी अंड्याचा स्पर्श झाला आहे काय?" मुलगी सत्यवचनी. ती म्हणाली, "हो बाबा, माहेरी केक होत असत." त्या एका सत्याने ओव्हन पडवीत गेला. तिथेही ती पोरगी बिचारी लांबलचक वायर ओढून काही ना काही भाजत असे. परंतु आजारातून उठल्यावर शास्त्रीबुवांना साक्षात्कार झाला की, घरावरचे अरिष्ट तुपामुळे आले नसून त्या पेटीमुळे आले आहे. त्यांनी आज्ञा केली: पेटी माहेरी परत जावी. रविवारी ऋजुताचा भाऊ जीप घेऊन येणार होता.

आणि त्या दुपारच्या आदल्याच दिवशी ऋजुताने मला दूध डेअरीपाशी गाठले होते. "काका, तुम्ही बाबांशी बोला. ओव्हन जाणार असेल तर त्याच जीपमध्ये मीही बसणार आहे. त्याच्यात अंडं शिजलं म्हणून तो बाहेर. मी तर अंडं खाल्लंय. माझी जागा कुठे?"

"अनिरुद्ध काय म्हणतो?"

"तो म्हणतो, बाबांना विचार."

तिचा नवरा अनिरुद्ध बँकेत नोकरीस होता, आणि घरातही तो काउंटरच्या पलीकडे बसल्यासारखा बसे. मी त्याच संध्याकाळी शास्त्रीबुवांकडे शब्द टाकला होता, पण ते म्हणाले होते, "शुद्धी अर्ध्यावर थांबत नसते, दत्तोबा." आता तीच शुद्धी मिशांना भुगा लावून माझ्यासमोर बसली होती.

एवढ्यात स्वयंपाकघराचे दार उघडले. ऋजुता तांब्या घेऊन बाहेर आली, आम्हा दोघांकडे तिने पाहिले, मग त्या भांड्याकडे. भांड्याचा तळ दिसू लागला होता.

"बाबा," ती म्हणाली, "त्यात सफरचंद आहे."

चमचा भांड्यात पडला. तो आवाज त्या निवांत दुपारी घंटेसारखा घुमला.

शास्त्रीबुवांनी काशीत सफरचंद सोडले होते. काशीस गेले की एक आवडते फळ गंगेस अर्पण करावे आणि पुढे जन्मभर ते तोंडी लावू नये, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. आवडते म्हणजे कितपत आवडते, याची चौकशी गंगा करीत नाही. शास्त्रीबुवांच्या लेखी सफरचंद हे आजाऱ्याचे फळ. निरोगीपणी त्यांनी ते हातात धरल्याचे कोणास स्मरत नव्हते. त्यांनी नेमके तेच सोडले. परंतु एकदा सोडल्यावर त्यांनी ते असे काही सांभाळले की पाहत राहावे! कोणाच्याही घरी प्रसाद हाती आला की भरल्या बैठकीत विचारणा होई: "यात सफरचंद नाही ना? काशीत सोडले आहे." मंडळी हात जोडीत. सातभाईंच्या घरी शिऱ्यात दोन फोडी दिसल्या, तेव्हा शास्त्रीबुवा भरल्या पानावरून उठले होते. सातभाई पुढे वर्षभर रस्त्यात दिसले की क्षमा मागत. गावात या व्रताची कीर्ती शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेहून मोठी होती, कारण ते समजावयास सोपे होते.

चार माणसांत मोठ्याने विचारणारा हा व्रतस्थ पुरुष एकांतात मात्र एक अक्षर विचारू शकला नव्हता.

"सफरचंद? माझ्या घरात सफरचंद आलेच कसे?" शास्त्रीबुवा गरजले.

गर्जनेने जाग्या झालेल्या कावेरीवहिनी दारात आल्या. "अहो, ओरडू नका, छातीवर ताण येतो. तुम्हाला बघायला जो तो आला तो सफरचंदंच घेऊन आला. टोपली भरलीय आत. टाकायची का?"

"ते आईंसाठी केलं होतं," ऋजुता म्हणाली. "जायच्या आधी एकदा त्यांना काहीतरी करून घालावं, म्हणून."

"जायच्या आधी? कोण जात आहे?"

"मी. रविवारी. ओव्हनबरोबर."

वहिनींनी दाराची चौकट धरली. शास्त्रीबुवांनी हात झटकला. "तो विषय मागाहून. आत्ता माझे व्रत मोडले आहे. दत्तोबा, प्रायश्चित्त सांग."

"उपोषण," मी म्हणालो.

"डॉक्टर परवानगी देणार नाहीत."

"पुन्हा काशीयात्रा."

"या हृदयाने?"

"मग सर्वांत सौम्य तेवढे उरते. चार भल्या माणसांसमोर आपला प्रमाद मुखाने सांगावा, म्हणजे झाले."

शास्त्रीबुवांचा चेहरा हृदयविकाराच्या दिवशीही एवढा उतरला नव्हता. मग हळूहळू त्यांच्या कण्यात बळ आले, आणि ते बादलीवरच ताठ बसले.

"थांब. व्रत मोडले, हे ठरवले कोणी? आधी ते मोडले आहे की नाही, हे पाहू. तू पूर्वपक्ष घे. सूनबाई, इकडे ये. हे कसे केलेस ते क्रमाने सांग."

ऋजुताने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली.

"सफरचंदं सोलली, फोडी केल्या—"

"फोडी! म्हणजे फळाचा मूळ आकार तिथेच नाहीसा झाला. ध्यानात ठेव, दत्तोबा. पुढे."

"लिंबू पिळलं. गूळ आणि दालचिनी घातली. वरच्या थराला ओट्स, कणीक, थोडी साखर आणि थंड लोणी. ते बोटांच्या टोकांनी चोळायचं, जाड रव्यासारखं होईपर्यंत. तळहात लावायचा नाही, लोणी वितळतं."

"लोणी?" वहिनी दचकल्या. "अगं, डॉक्टरांनी यांना—"

"आई, ते तुमच्यासाठी होतं."

"अवांतर नको," शास्त्रीबुवा म्हणाले. "पुढे."

"ते फोडींवर नुसतं भुरभुरायचं, दाबायचं नाही. दाबलं की वाफ कोंडते आणि वरच्या थराचा लगदा होतो. मग ओव्हनमध्ये. कडेनं रस उकळून वर यायला लागला आणि वर तांबूस रंग आला की झालं."

"झाल्यावर फळाची चव उरते काय?"

"उरते की! नाहीतर फळ घालायचं कशाला?"

"विचारले तेवढेच सांग. यास काय म्हणतात?"

"ॲपल क्रम्बल."

"ॲपल हा शब्द माझ्या संकल्पात नव्हता," शास्त्रीबुवा समाधानाने म्हणाले. मांडीवरचे भांडे त्यांनी हातात उचलून धरले. "आकार गेला. नाव गेले. रंग पाहा, तोही गेला. हे सफरचंद नव्हे. मी यास चूर्णावगुंठित फलपाक म्हणेन. सोडले ते सफरचंद. खाल्ला तो फलपाक. संबंध काय?"

"मग दूध सोडलेल्याने पेढे खावेत काय?" मी विचारले.

"पेढ्यांची चर्चा स्वतंत्र आहे."

"आणि सातभाईंचा शिरा? ती फोडही शिजलेलीच होती. आपण पानावरून उठलात."

"शिऱ्यात फळ वरून टाकले होते. अग्नी त्यास केवळ शिवला होता, त्याने ते ग्रासले नव्हते. इथे अग्नीने फळ समूळ ग्रासले आणि नवेच द्रव्य निर्माण केले. अग्नी हा पावक आहे, दत्तोबा! त्याच्या मुखात जे गेले, त्याचे पूर्वरूपही उरत नाही आणि पूर्वदोषही उरत नाही. हा माझा सिद्धांत." त्यांनी पडवीत विजयाने दृष्टी फिरवली. घाम पुसला. उरलेला एक घास चमच्यावर घेतला, आणि सिद्धांताच्या बळावर तोही मुखात घातला.

"म्हणजे हाच अग्नी ना, बाबा?" ऋजुता म्हणाली.

तिचे बोट कोपऱ्यातील ओव्हनकडे होते.

शास्त्रीबुवा चावायचे थांबले.

"याच्यातच भाजलंय ते. चुलीवर नाही, गॅसवर नाही. यातला अग्नी पावक आहे, असं तुम्ही आत्ता म्हणालात."

"विजेचा असला तरी... एका दृष्टीने... अग्नीच तो."

"आणि त्याच्या पोटात जे गेलं त्याचा दोष उरत नाही."

"मी सफरचंदाविषयी बोलत होतो."

"अंड्यासाठी निराळा अग्नी असतो का?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, हे मला दिसले नाही. शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले. ज्या दृष्टीने बुडणारा मनुष्य काठावरच्या नातेवाइकाकडे पाहतो, त्या दृष्टीने पाहिले.

"दत्तोबा, हिला समजावून सांग."

"सांगतो. वाटा दोनच आहेत, शास्त्रीबुवा. पेटीतला अग्नी पावक असेल, तर पेटी केव्हाच शुद्ध झाली. ती स्वयंपाकघरात जावी. तो पावक नसेल, तर पेटी जीपमध्ये जावी. परंतु मग आपण आज सफरचंद खाल्ले, आणि ते चार भल्या माणसांसमोर सांगणे आले. पहिले सातभाई. त्यांना मी आत्ताच बोलावून आणतो."

"तू कोणाच्या बाजूचा आहेस?"

"शास्त्राच्या."

"तेच तर!" ते उद्वेगाने म्हणाले.

ऋजुता तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. सफरचंदाचा निकाल शास्त्रीबुवांच्या कीर्तीपुरता होता. तिचा संसार त्याच निकालाला टांगलेला होता, आणि ही गोष्ट त्या पडवीत शास्त्रीबुवांखेरीज सर्वांना दिसत होती.

अखेर त्यांनी घसा साफ केला. सभेत निर्णय देताना त्यांचा आवाज जसा लागे, तसा लागला.

"विद्युदग्नीची पेटी शुद्ध आहे. ती आत घ्यावी. हे मी पूर्वीच म्हणणार होतो. आजारपणामुळे राहून गेले."

"शब्द?" ऋजुताने विचारले.

"शास्त्र्याचा निर्णय आहे, सूनबाई. शब्द कसला मागतेस?"

"तरी."

"शब्द."

तिने तांब्या खाली ठेवला, ओढणीने डोळे कोरडे केले आणि तिथूनच भावास फोन लावला. "दादा, रविवारी ये, जेवायला ये. पण जीप रिकामीच न्यावी लागेल तुला. नाही रे, रडत नाहीये. मागून सांगते."

इथे ही गोष्ट संपली, असे मला वाटले. मी पोथी उचलली, आणि निघणार, तोच कावेरीवहिनी चौकटीतून पुढे आल्या.

"मग माझंही सुटलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

"तुझे काय सुटले?"

"काशीतलं."

शास्त्रीबुवांच्या कपाळावर आठी पडली. "तू काशीत काय सोडले होतेस?"

"आंबा."

काशीस दोघे मिळून गेले होते, हे गावात सर्वांस ठाऊक होते. शास्त्रीबुवांनी काय सोडले, हे गल्लीतील पोरासोरांनाही पाठ होते. वहिनींनी काय सोडले, हे इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते, आणि ज्यांच्यासमोर त्यांनी गंगेत आंबा सोडला, ते स्वतः विसरले होते.

"घाटावर तुम्हीच सांगितलंत," वहिनी सांगू लागल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. उद्याची भाजी काय आणायची, हे सांगावे तसे त्या सांगत होत्या. "म्हणालात, जिवापलीकडचं असेल तेच सोडायचं, नाहीतर पुण्य लागत नाही. मी आंबा म्हटलं. तुम्ही म्हणालात, उत्तम. मग तुम्ही पाण्यात उतरलात आणि सफरचंद सोडलंत."

मला एकदम काहीतरी उमगले. दर वैशाखात या घरी आमरसाचे जेवण होई. वहिनी आढीतले आंबे काढीत, रस पिळीत, आणि वाढण्यापूर्वी वाटीत चमचाभर घेऊन मला विचारीत, "भाऊजी, साखर लागेल का, बघा हो जरा." माझ्या रसनेवर त्यांचा विशेष विश्वास आहे, अशी माझी समजूत होती, आणि ती समजूत मी मोठ्या अभिमानाने बाळगली होती.

"आंब्याची गोष्ट निराळी आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

"कशी?"

शास्त्रीबुवांनी रिकाम्या भांड्यातून चमचा फिरवला.

"अग्नीनं ग्रासलं की फळ फळ उरत नाही, असं आत्ताच ठरलं ना? का ते पुरुषांच्या फळापुरतं आहे?" वहिनी वळल्या. "ऋजुता, आंब्याचं होतं का गं हे?"

"होतं की, आई. फक्त जरा घट्ट आंबे हवेत."

"आढीत आहेत. भाऊजी, तुम्ही ते धूड एका बाजूनं धरा. यांना ओझं उचलायला डॉक्टरांची बंदी आहे."

मी एका बाजूने धरले, ऋजुताने दुसऱ्या बाजूने. पेटी दिसते त्याहून जड होती. शास्त्रीबुवा पुढे होऊन दार धरून उभे राहिले, आणि देवघरावरून जाताना "जपून, जपून" असे म्हणाले. ओव्हन फ्रीजशेजारी ओट्यावर बसला. त्याची कळ फिरवताच आतला लाल दिवा लागला, तेव्हा वहिनींनी नकळत हात जोडले.

मग ऋजुता परातीत लोणी चोळू लागली. वहिनी विळीवर आंब्याच्या फोडी करू लागल्या. शास्त्रीबुवांनी दारातच पाट मांडला आणि तिथून ते सूचना देऊ लागले. "तळहात लावू नकोस, सूनबाई, लोणी वितळते. आणि वरून दाबायचे नाही, वाफ कोंडते." घटकाभरापूर्वी ऐकलेली विद्या ते आता परंपरेने आल्यासारखी सांगत होते. ऋजुता "हो बाबा" म्हणत होती, आणि ओठ घट्ट मिटून माझ्याकडे पाहायचे टाळत होती.

फोडी भांड्यात गेल्या. विळीपाशी कोय उरली. वहिनींनी तिच्यावर पुष्कळ गर ठेवला होता. कापताना हात चुकला असे म्हणावे, तर तो हात चुकणारा नव्हता. त्यांनी ती दोन बोटांत धरली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिले, आणि तोंडात घातली. डोळे मिटले. रस मनगटावर आला, बांगड्यांत शिरला, बांगड्यांतून कोपराकडे ओघळू लागला. त्यांनी तो पुसला नाही.

"अगं, अगं!" शास्त्रीबुवा पाटावरून अर्धे उठले. "त्याला अजून अग्नी लागलेला नाही!"

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. कोय तोंडातून बाहेर न काढताच त्या म्हणाल्या,

"मला लागलाय. इतकी वर्षं."